कॉलरमागची तार

कंट्रोल पॅनलमध्ये वायरीच्या सोललेल्या टोकावर लग, म्हणजे प्लास्टिकची कॉलर असलेली धातूची बारीक नळी, बसवताना मला आजही एकाच गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे कॉलरपाशी मागे दुमडलेल्या तारेची. दीड स्क्वेअरच्या लवचीक वायरीत पाव मिलिमीटरच्या ३० तारा. त्यातल्या २९ नळीत जातात, एक काठाला अडते. प्रेस मारल्यावर काळा लग देखणा दिसतो, ओढला तरी निघत नाही. एका तारेनं करंट अडत नाही, मान्य. पण अकोल्याच्या दालमिलमध्ये चाळणी सुरू झाली की पॅनल थरथरतं, आणि ती तार शेजारच्या टर्मिनलला टेकू शकते.

पीळ जास्त दिला तर टोक फुगतं, लग चढत नाही. नाही दिला तर तारा पांगतात. वायरीच्या मूळ पिळाच्या दिशेनंच लग अलगद फिरवत चढवायचा. ८ मिलिमीटरच्या लगला १० मिलिमीटर सोलायचं, तारांची टोकं नळीच्या तोंडाशी दिसलीच पाहिजेत. हात कितीही बसला तरी हे डोळे मिटून होत नाही.

काहीजण लगचे पैसे वाचवायला टोकाला कथिल पाजतात. मला ते अजिबात मान्य नाही. स्क्रूच्या दाबाखाली कथिल सावकाश चेपत जातं नि पकड सुटते. पत्र्याच्या शेडखाली, आमच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात तर लवकरच. अमरावतीकडच्या जिनिंगवाल्यांना कापूस यायच्या आत पॅनल उभं हवं असतं, आणि घाईत पहिला बळी लगचाच जातो.

माझ्या पॅनलचं दार मी गिऱ्हाइकासमोर मुद्दाम उघडं ठेवायचो. वायरिंग बघून माणसं थांबायची, ते मला फार आवडायचं. अजूनही आवडतं. म्हणून नजर कमी झाली तरी चष्मा लावायला मन तयार होईना. मग हाताखालचा बाळापूरकडचा पोरगा एकदा म्हणाला, "काका, एक तार मांगं राह्यली." मला ती दिसतच नव्हती. आता प्रत्येक लग आधी त्याच्या नजरेखालून जातो. प्रेस मात्र मीच मारतो, तेवढं अजून सोडवत नाही.

मिलमालकांना एकच विनंती. पॅनल ताब्यात घेताना नुसता रंग पाहू नका. सप्लाय बंद करवून दोन-चार वायरी टर्मिनलमधून काढायला लावा आणि लगच्या तोंडाशी तारा दिसतात का, कॉलरमागं एखादी राहिली का, ते स्वतः पाहा.