दोन तासांनंतरची साखर

साताऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. भल्या सकाळी घरोघरी जाऊन उपाशीपोटीची सॅम्पल्स घ्यायची आणि मग दिवसभर लॅब. अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेले पेशंट आमच्याकडे पुष्कळ. आपलं एलडीएल किती, इकोमध्ये पंपिंग किती टक्के, कुठल्या नसेत किती ब्लॉक होता, हे त्यांना तोंडपाठ असतं. शुगरचं विचारलं की ‘ती नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. ही नॉर्मल म्हणजे उपाशीपोटीची, आणि तीही बऱ्याचदा आधीचे दोन दिवस भात आणि गोड बंद ठेवून मिळवलेली. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करावी, तसला प्रकार.

आमच्याकडे पेशंट पाठवणारे एक फिजिशियन या उपाशीपोटीच्या आकड्यावर समाधान मानत नाहीत. स्टेंट टाकलेल्या माणसाला ते हमखास ग्लुकोज पाजून तपासायला लावतात. ‘एवढं कशाला?’ असं कुणी विचारलं की ते स्वीडनचा अभ्यास सांगतात. 2002 साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हार्ट अटॅक आलेले, पण मधुमेह असल्याचं माहीत नसलेले 181 जण त्यात होते. दवाखान्यातून सोडताना आणि पुन्हा तीन महिन्यांनी त्यांना ही तपासणी करायला लावली. दोन्ही वेळा साधारण दर तिघांतल्या दोघांची साखर बिघडलेली निघाली. म्हणजे ऐन अटॅकच्या ताणाने चढलेली साखर नंतर आपोआप उतरते, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

तात्या याच डॉक्टरांचे पेशंट. वय बासष्ट, अंगाने सडसडीत, घरात कुणालाच शुगर नाही. शेतातली कामं स्वतः करायचे आणि रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायचे. एवढं करून अटॅक आला, याचा त्यांना रागच होता. स्टेंट टाकल्यावर घरच्यांनी गड बंद केला, शेतही बंद केलं. सहा महिने तात्या टीव्हीसमोर.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी त्यांच्या कंबरेला टेप लावली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पायजम्याच्या नाडीवर माप घ्यायचं नसतं. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घ्यायचं. आणि टेप दिसली की भलेभले पोट आत ओढतात. ‘तात्या, श्वास सोडा. पोटपण सोडा.’ सोडल्यावर 94 सेंटीमीटर भरलं.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचा एक गुणतक्ता केला. त्याला रक्ताचा थेंबही लागत नाही. वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह, एवढं पुरतं. शंभरपैकी साठ किंवा जास्त गुण झाले की धोका मोठा. तात्यांचे वयाचे 30, कंबरेचे 10, आईवडिलांचे शून्य. आधी व्यायामही होता आणि कष्टही, म्हणून त्याचेही शून्य, एकूण 40. आता दोन्ही बंद, म्हणून त्या एका रकान्यात थेट 30, आणि बेरीज 70. मला हा हिशेब फार बोलका वाटला. हृदय जपण्यासाठी घरच्यांनी जे केलं, त्यानेच दुसरा आजार घराच्या पायरीशी आणून ठेवला होता.

तपासणीच्या दिवशी आधी उपाशीपोटीचं रक्त घेतलं. ग्लुकोजसाठी करड्या झाकणाची ट्यूब, एचबीएवनसीसाठी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी, जांभळ्या. मग पाण्यात 75 ग्रॅम ग्लुकोज विरघळवून दिलं, पाच मिनिटांत संपवायला. मळमळू नये म्हणून मी त्यात लिंबू पिळते. पहिल्या घोटालाच तात्यांनी तोंड वाकडं केलं. ‘पोरी, हे पाजून तूच शुगर लावतीस बघ.’ पुढचे दोन तास बसून काढायचे. चहा नाही, तंबाखू नाही, फेऱ्या मारणंही नाही. तंबाखूच्या डबीकडे हात दोनतीनदा गेला, तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, डबी पिशवीत टाकली.

उपाशीपोटी 104, एचबीएवनसी 6, आणि दोन तासांनंतर 186. दोनशेला मधुमेह धरतात, एकशेचाळीसच्या आत ठीक. तात्या मधे अडकलेले. एचबीएवनसीवर एकट्याने विसंबता येत नाही, हेही इथे सांगायला हवं. बायपासमध्ये रक्त चढवलेलं असलं किंवा अंगात लोह कमी असलं, तर तो आकडा फसवतो. म्हणून ट्यूब भरण्याआधी मी ते विचारून घेते.

रिपोर्ट बघून तात्यांचा मुलगा चिडला. कोलेस्टेरॉलच्या गोळीने शुगर होते असं त्याने मोबाइलवर वाचलं होतं आणि गोळी बंद करायचा त्याचा विचार होता. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही. या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, धोका थोडा वाढतो, हे त्यांनी मान्य केलं. 2010 साली 13 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ही वाढ सुमारे 9 टक्के निघाली. म्हणजे 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एखाद्याला जास्तीचा मधुमेह. ‘आणि स्टेंट टाकलेल्या माणसाची गोळी बंद केली तर काय होतं, तेही वाच,’ एवढं बोलून त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहून दिली.

सडसडीत माणसाला हे कसं, हा तात्यांचा प्रश्न होता. त्यावर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला आला. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. दोघांचा फोटोच ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. तात्यांना हे पटलं. पुण्याचा माणूस म्हटल्यावर पटलं, असा माझा अंदाज.

टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, नीट आल्यावर गड पुन्हा सुरू झाला, आधी सपाटीवर, मग पहिल्या वळणापर्यंत, काकू सोबत. भात कमी झालाय. चपात्या मात्र वाढल्यात, ते मी काकूंच्या कानावर घातलंय. पुढच्या वर्षी परत ग्लुकोज प्यायचंय म्हटल्यावर तात्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, ‘लिंबं दोन पिळ.’