हा कोट कुणाचा?

आमच्या पिढीच्या हातात पहिला कॅमेरा आला तो बहुधा आगफा क्लिक थ्री. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो, पाठीला लाल खिडकी आणि तिच्यात सरकणारा आकडा. प्रकाशाचं शास्त्र म्हणाल तर ऊन आणि ढग अशी दोन चित्रं. बारा फोटोंत अख्खं लग्न बसवायचं, म्हणून खटका दाबण्याआधी चारी कडा बघायच्या, नवरीच्या डोक्यातून मांडवाचा खांब उगवत नाही ना ते बघायचं. एवढं करूनही रोल धुऊन आला की कुणाचं डोकं उडालेलं, कुणाचे डोळे मिटलेले, आणि एका फोटोत काढणाऱ्याचं बोट.

आता फोनच पडद्यावर रेषा आखून देतो, चेहरा शोधतो, हात हलला तरी सांभाळून घेतो. डोकं कुणाचंच उडत नाही. भाचरं एका संध्याकाळी काढतात तेवढे फोटो आम्ही शाळा संपेपर्यंत काढले नसतील, आणि खरं सांगायचं तर त्यांचे आमच्यापेक्षा बरे येतात. फक्त कडा बघायला आता कारण उरलेलं नाही. नको ते मागाहून पुसता येतं, अगदी मांडवाचा खांबसुद्धा.

हौस वाढली की आम्ही एखाद्या स्टुडिओवाल्या काकांच्या डार्करूममध्ये शिरकाव करून घ्यायचो. मोरीएवढी खोली, मिणमिणता लाल दिवा, नाकात बसणारा आंबट वास. एन्लार्जरखाली कागद ठेवला की काका तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशात अलगद हलवत राहायचे. उन्हाकडे पाठ करून उभ्या माणसाचा चेहरा कागदावर काळाठिक्कर पडू नये म्हणून ही खटपट. हात थांबला तर चकतीची कड उमटायची. मग कागद डेव्हलपरमध्ये. आधी केस आणि भुवया, मागून गाल, सगळ्यात शेवटी सदऱ्याच्या चुण्या. पांढरं म्हणून जे दिसतं तो नुसता कोरा कागद असतो, हे त्या ट्रेमध्ये वाकून बघितलं की पुढे कुठल्याही फोटोत आधी सावल्यांकडे लक्ष जायचं.

पण काका सांगायचे काही नाहीत. विचारलं तर, ‘बघ नुसतं.’ आणि मुलींना तर आत मज्जावच. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचा आम्हाला भारी अभिमान; त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, हे मात्र फार उशिरा कळलं. आज तीच चकती फोनमध्ये एक पट्टी होऊन बसली आहे. बोटाने सरकवली की चेहरा उजळतो, आणि ती सरकवायला मुलीला कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. हे चांगलंच झालं. तरी त्या वासाची आठवण येते, त्याला काय करणार?

पुढे कॉलेजात फोटोवरची पुस्तकं आली. सुसान सोंटॅगचं ‘ऑन फोटोग्राफी’ १९७७ चं, रोलाँ बार्थचं ‘कॅमेरा ल्युसिडा’ १९८० चं. झेरॉक्स करून वाचायचो, निम्मं कळायचं, वाद मात्र पूर्ण घालायचो. फोटोतला एखादा बारकासा तपशील आपल्यालाच का टोचतो, यावर बार्थने पानंच्या पानं लिहिली आहेत. आमची आत्या तेच काम दुपारच्या चहाला करायची. अल्बमची काळी पानं, मध्ये बटर पेपर, कोपऱ्यांत अडकवलेला फोटो, आणि त्यावर टेकलेलं तिचं बोट. ‘हा कोट स्टुडिओतला. बाह्या बघ, पार बोटांवर आल्यात.’ झालं! रुबाबदार आजोबांच्या जागी एकदम उसन्या कोटातला बावीस वर्षांचा कारकून दिसायला लागायचा.

आता या अल्बमची फार आरती ओवाळायला नको. मागचा ताजमहाल पडद्यावर रंगवलेला, देवीचे व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवलेले, आणि भांडून गेलेल्या काकू कात्रीने कापलेल्या. आम्ही मात्र छापलेला फोटो म्हणजे पुरावा असं धरून चाललो. आजची मुलं फोटो समोर येताच पहिलं विचारतात, ‘एडिट केलाय का?’ हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नाही. पण ‘हा कोट कुणाचा?’ हा त्यांना सुचत नाही, कारण तोवर बोटाने पुढचा फोटो आणलेला असतो.

तेव्हा या दिवाळीत फराळाला सगळे जमाल, तेव्हा घरातला एकच जुना फोटो टीव्हीवर लावा आणि पाच मिनिटं रिमोट कुणाच्याही हाती देऊ नका. मुलांना बाह्या मोजू द्या, म्हाताऱ्यांना नावांवरून भांडू द्या. आणि ठरलेली नावं त्याच दिवशी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उतरते.