दुसऱ्यांना सांगितले, घरात विसरलो



गेली तीस वर्षे मी गावोगाव सांगत आलो, की कालवड तिच्याच बापाकडून भरवू नका, रेतन करताना वळूचा नंबर पाहून घ्या. बी.एस्सी.ला मी आनुवंशशास्त्र शिकलो होतो. घरात मात्र थोरली मुलगी सख्ख्या बहिणीच्या मुलाला दिली. घरचाच मुलगा, पाहिलेले घर!

नातू झाला. काही महिन्यांतच त्याचे डोळे थरथरताना दिसू लागले. उन्हात नेले की तो डोळे गच्च मिटून रडे आणि पुढे दिवेलागणीला हाच पोरगा अंगणभर धावे. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. मी म्हणालो, जीवनसत्त्व कमी पडले, शेवग्याचा पाला द्या. दोन्ही चूक. रातांधळ्याला अंधारात दिसत नाही, याला उजेडात दिसत नव्हते. हिरवी मिरची आणि लाल मिरची त्याला रंगाने वेगळी ओळखता येईना.

शहरातील नेत्रतज्ज्ञांनी उलगडा केला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, त्या मंद उजेडात पाहतात. शंकुपेशी ६० लाखांच्या आसपास. रंग, बारीक अक्षर आणि दिवसाची दृष्टी त्यांच्यावर अवलंबून. शंकुपेशीला सूक्ष्म दारे असतात. उजेड पडला की ती मिटतात आणि मेंदूकडे खबर जाते. नातवाच्या पेशींत ही दारेच नीट घडलेली नाहीत. अशा निकामी पेशी वयाबरोबर हळूहळू झडूही शकतात.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडून आला तर माणूस ठणठणीत राहतो. नात्यातल्या दोघांत एकच दोष लपलेला असण्याचा संभव जास्त. तसे असले तर दर बाळंतपणात चारात एक धोका. पॅसिफिक महासागरातील पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास वादळातून मोजकीच माणसे वाचली. त्यांच्या वंशजांची आपसांत लग्ने होत गेली. एरवी ३० हजारांत एखाद्याला होणारा हा विकार तिथे शंभरात पाच ते दहा जणांना आहे.

नातू आता पहिलीत आहे. गडद काचांचा चष्मा, टोपी आणि फळ्यासमोरचा बाक एवढ्यावर तो हुशारीने शिकतो. दोष मुळापासून बरा करणारे औषध अजून हाती नाही. परवा मुलीने विचारले, "आबा, दुसरे मूल होऊ द्यावे का?" मला उत्तर देता आले नाही. तिला आणि जावयाला घेऊन आनुवंशिक सल्ला देणाऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे.

तुमच्याकडे मामा-आत्याच्या घरी सोयरीक ठरत असेल, तर हा सल्ला आधी घ्या. आणि उन्हात डोळे मिटणाऱ्या पोराला हट्टी म्हणून मारू नका, त्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्या.