मोत्याच्या डोळ्याचे ऑपरेशन

कुत्र्याच्या डोळ्याचे ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांच्या घरची गोष्ट, असे पुष्कळांना वाटते. आमच्या घरात एक पगार रेल्वेच्या कारखान्यातला आणि दुसरी कमाई शिलाईच्या मशीनची. दोन मुले, त्यांची आजी आणि बारा वर्षांचा मोत्या. मोत्या विकत आणलेला नाही. कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत पावसात कुडकुडत बसलेले पिल्लू थोरल्या मुलीने शाळेतून येताना उचलून आणले, ते घरचेच झाले.

दोन वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही डोळे पांढुरके दिसू लागले. “मोत्यालाच मोतीबिंदू झाला,” म्हणून शेजारी हसायचे. आम्ही त्याला परळला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात नेले. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल हे त्याचे खरे नाव, पण जुन्या मुंबईकरांच्या तोंडी बैलघोडाच. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बॅटरी मारून डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू नव्हताच. कुत्रा सहा-सात वर्षांचा झाला की डोळ्यातले भिंग घट्ट होत जाते आणि निळसर दिसते. पण त्यातून उजेड आत जातो, कुत्र्याला दिसते. डाव्या डोळ्यात मात्र पिकलेला मोतीबिंदू होता.

आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झाले होते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्याचा गरिबांना मोठा आधार आहे. आजी त्याच दिवशी चहा पीत बसली होती. कुत्र्याचे तसे नसते. तो हलतो, म्हणून त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. आधी डोळ्याचा पडदा काम करतो का, याची तपासणी होते. पडदाच निकामी असेल तर भिंग बदलून उपयोग नाही. नंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा औषधाचे थेंब घालायचे आणि गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, आणि उजव्या डोळ्याने तो जिना चढत-उतरत होता. कुत्र्याचे निम्मे जग तर नाकात असते. तेव्हा आम्ही ऑपरेशन करायचे नाही असे ठरवले. फक्त डोळ्याची आतली सूज आटोक्यात राहावी म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब नेमाने घालत राहिलो.

मात्र गेल्या पावसाळ्यात डावा डोळा लाल झाला, फुगला, त्यातून पाणी गळू लागले. मोत्या डोळा अर्धा मिटून कोपऱ्यात पडून राही. डोक्यावरून हात फिरवू देईना. भाकरी हुंगून सोडून देई. पण एकदाही केकाटला नाही. शेजारच्या वहिनींनी आजीचे उरलेले थेंब घालायला सुचवले. आम्ही घातले नाहीत. बुबुळावर जखम असेल तर माणसांच्या काही औषधांनी ती वाढते, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते.

तपासणीत डोळ्यातला दाब ४५ निघाला. कुत्र्याचा साधारण १० ते २५ असतो. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे आतून सूज येते आणि त्यातून काही वेळा असा दाब वाढतो. दाब उतरवायचे थेंब घालून पाहिले, उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, “या डोळ्याची नजर गेली, ती परत येणार नाही. पण दुखणे थांबवता येईल. डोळा काढावा लागेल.”

घरात दोन दिवस बोलणे चालले. आजी म्हणाली, “म्हातारं झालंय ते बिचारं. कशाला आता चिरफाड करता?” धाकट्याला काळजी, मोत्या कसा दिसेल याची. भिशीचे पैसे थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवले होते, आणि ऑपरेशनला अर्ध्या पगाराहून जास्त लागणार होते. शेवटी थोरलीच म्हणाली, “बाबा, माणसाला असं दुखलं असतं तर तो भिंतीवर डोकं आपटेल. वय झालं म्हणून दुखायचं थांबतं का?” फी दोन हप्त्यांत भरायची सवलत कॉलेजात मागून घेतली, आणि होकार दिला.

भूल देण्याआधी रक्त तपासले, मूत्रपिंड आणि यकृताचे काम पाहिले, छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, नुसते वय म्हणजे रोग नव्हे. आतले अवयव ठीक असतील तर म्हातारा कुत्राही भूल सोसतो. धोका अजिबात नाही, असे मात्र त्यांनी म्हटले नाही, आणि ते आम्हाला बरे वाटले.

बारा दिवसांनी टाके निघाले. त्या जागी आता कातडी जुळून आली आहे, केस उगवले आहेत. आम्हाला अचंबा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. चौथ्या दिवशी मोत्याने ताटली चाटून पुसली, आणि दाराशी चप्पल वाजली तशी शेपटी हलवत उठला. इतके महिने तो सुस्तावला होता ते म्हातारपण, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. त्यातले बरेचसे दुखणे होते. आजी आता स्वतः त्याच्या डाव्या बाजूने चालते, आधी हाक मारते आणि मग हात लावते. घरातले सामान आम्ही जागचे हलवत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या दारात असे म्हातारे जनावर असेल, तर एवढे पाहावे. डोळा मिचकावतो का, पंजाने चोळतो का, खाणे कमी झाले का, हात लावू देत नाही का. लाल, फुगलेला डोळा दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दाब वाढला तर नजर एक-दोन दिवसांतही जाते. आणि डॉक्टरांना ‘दिसेल का?’ एवढेच विचारू नये. ‘याला दुखते आहे का, आणि ते कसे थांबेल?’ हे आधी विचारावे. आमचा निर्णय त्या प्रश्नाच्या उत्तरावर झाला.