मंडळीची खबर

उपासनेचा क्रम ठरलेला असतो. आरंभीचे गीत, पापांगीकार, शास्त्रपाठ, संदेश, अर्पण, प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद. या सगळ्यात पाच-सात मिनिटे सूचनांची असतात. मंडळीचे सेक्रेटरी वही उघडून उभे राहतात आणि वाचू लागतात. अमक्या बाईंचे बुधवारी ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. तमक्यांच्या घरी नातवाच्या बाप्तिस्म्यानिमित्त उपकारस्तुतीची सभा आहे, सर्वांनी यावे. अमुक तरुणाचा आणि तमुक मुलीचा विवाह ठरला आहे, कोणाची हरकत असल्यास पाळकांना कळवावे. ही सूचना दुसऱ्यांदा. संडे स्कूलच्या सहलीचे पैसे गुरुवारपर्यंत द्यावेत. कबरस्तानातले गवत काढायला तरुण संघाने शनिवारी सकाळी सातला जमावे.

विदर्भातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. जुनी रजिस्टरे, पास्टोरेट कमिटीची कार्यवृत्ते, मिशनचे अहवाल हे सारे वाचत आलो, पण सर्वांत जास्त शिकवले ते या सूचनांच्या वह्यांनी. मंडळी खरोखर एक आहे की नाही, हे तिच्या घटनेत पाहून समजत नाही. कोणाच्या आजारपणाची खबर कोणापर्यंत पोहोचते आणि ती ऐकून कोण उठून जाते, यावरून ते समजते. नागपुरात बसून हे म्हणण्याला वेगळे वजन आहे, कारण उत्तर भारतातल्या चर्चच्या ऐक्याची मोहोर याच शहरात उमटली.

तारीख २९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा पहिला रविवार. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा परंपरांची चर्चे एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपले सीएनआय, अस्तित्वात आले. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचे आधीच झालेले संयुक्त चर्च होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते आणि डिसायपल्स होते. या वाटाघाटींना १९२९ मध्ये लखनौला सुरुवात झाली होती. दक्षिणेतले चर्च १९४७ मध्येच एक झाले. उत्तरेला आणखी तेवीस वर्षे लागली.

एवढा वेळ लागण्याची कारणे साधी नव्हती. बिशप मानणारे आणि न मानणारे एकत्र कसे यावेत? एका परंपरेने दीक्षा दिलेला पाळक दुसरीने आपला म्हणून कसा स्वीकारावा? सर्वांत अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन घरात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्ट घरात माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करतो, तेव्हाच होतो. नव्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. पाळकांच्या प्रश्नावर तोडगा निघाला तो हात ठेवण्याच्या विधीतून: वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाची दीक्षा खरी आणि कोणाची अपुरी, हा हिशेब देवावर सोपवला. पहिले मॉडरेटर म्हणून दिल्लीचे बिशप एरिक नासीर निवडले गेले.

पण नागपुरातले सगळे त्यात आले नाहीत. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने वाटाघाटींत शेवटपर्यंत भाग घेतला आणि अगदी त्याच वर्षी माघार घेतली. १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले. म्हणून आजही सदरचे कॅथेड्रल एका चर्चचे आणि मेकोसाबागेतली मेथडिस्ट मंडळी दुसऱ्याची. मध्ये अंतर रिक्षाने जाण्याइतके. घरे मात्र कधीच वेगळी झाली नाहीत. सासर सीएनआयचे आणि माहेर मेथडिस्ट अशी कितीतरी कुटुंबे मला माहीत आहेत. नाताळच्या आधी दोन्हीकडच्या करंज्या एकाच कढईत तळल्या जातात.

ठरावाने किती गोष्टी होतात आणि किती होत नाहीत, याचा आणखी एक धडा न्यायालयाने दिला. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीने विलीनीकरणाचा ठराव केला होता. तेवढ्याने त्या मंडळीच्या ट्रस्टची मालमत्ता सीएनआयची झाली का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये निकाल लागला: नाही झाली. कायद्याच्या अंगाने तो निकाल ट्रस्टच्या मालमत्तेपुरता आहे. मी त्यातून माझ्या विषयापुरते एवढेच घेतो की कागदावर एक होणे ही सुरुवात असते. पुढचे सगळे रविवारी-रविवारी करावे लागते.

हे रविवारी-रविवारी एक होणे नागपूरच्या मंडळ्यांना का जमावे, याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८४३ मध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. त्याच फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, भोसल्यांचे राज्य असताना. त्यांच्या कामाला पाया मिळाला तो मद्रास फौजेतल्या कॅप्टन हिल यांच्या देणगीचा. शेजारी कामठीची छावणी होती. तिथे मद्रासच्या पलटणी होत्या आणि त्यांच्यासोबत तमिळ व तेलुगू बोलणारी माणसे. दक्षिणेला चांद्याकडे स्कॉटलंडच्याच, पण बिशप मानणाऱ्या एपिस्कोपल चर्चचे काम उभे राहिले. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र बिशपप्रांत झाला आणि एअर चॅटर्टन पहिले बिशप झाले. त्याआधीच रेल्वे आली होती, तिच्याबरोबर अजनीला आणि मोतीबागेत अँग्लो-इंडियन गार्ड आणि ड्रायव्हर आले. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होतीच, तिने खेड्यापाड्यांतून माणसे ओढली. पुढे केरळच्या नर्सबाई आल्या, छत्तीसगडहून कुटुंबे आली. नागपूरची मंडळी ही अशी जमलेली आहे. एका भाषेची, एका जातीची किंवा एका देशाची ती कधी नव्हती.

मी वाचलेल्या एका जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये बापाच्या धंद्याचा रकाना आहे. एकाच पानावर गिरणीतला जॉबर, रेल्वेचा गार्ड, कंपाउंडर, मिशनच्या शाळेतला मास्तर आणि बंगल्यावरचा माळी. अक्षरही पानागणिक बदलते: आधी तिरपे इंग्रजी, मग बोरूने लिहिलेले घोटीव मराठी, मग बॉलपेनचे हिंदी-मराठी मिसळलेले. मंडळीच्या रजिस्टरांत जन्म, लग्न आणि मरण एवढेच असते. लग्नाची नोंद तर १८७२ च्या कायद्यानेच ठेवावी लागते. जन्म आणि लग्न यांच्या मधले, लग्न आणि मरण यांच्या मधले आयुष्य रजिस्टरात नसते. ते सूचनांच्या वहीत असते.

पूर्वी ही खबर दूर जायची. मिशनरींची पत्रे एडिंबरोला जात, तिथल्या मिशनच्या मासिकांत छापली जात आणि ज्यांनी नागपूर कधी पाहिले नाही अशी माणसे इथल्या शाळेसाठी वर्गणी काढत. हिस्लॉपच्या मृत्यूची बातमी अशीच गेली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेले होते. संध्याकाळी इतर मंडळी पुढे निघाली. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे राहिले. बोरीच्या वाटेवर नाल्याला पूर आलेला होता. मुक्कामाला घोडा रिकामा पोचला, तेव्हा शोधाशोध झाली. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव एका खनिजाला दिले गेले, गोंडांच्या गीतकथांविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, १८८३ मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज निघाले. मला मात्र त्यांची शेवटची संध्याकाळ महत्त्वाची वाटते: इतके मोठे संशोधन हाताशी असताना हा माणूस एका खेड्यातल्या मुलांची पाटी पाहायला थांबला.

मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःची खबर स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाली ती 'ज्ञानोदय'मुळे. अमेरिकन मराठी मिशनने हे पत्र जून १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केले आणि ते आजही निघते. त्यात ज्ञानविज्ञान होते, वादविवाद होते. त्यासोबत कुठल्या मंडळीत कोण आले, कोण गेले, कुठे नवी इमारत झाली हेही होते. नागपूरच्या माणसाला नगरची आणि नगरच्याला नागपूरची ओळख अशी छापील ओळींतून झाली. नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात राहत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची पदे पुढे मराठी मंडळ्यांच्या तोंडी बसली. सदरमध्ये आणि चांद्यात, अँग्लिकनांत आणि मेथडिस्टांत, तीच चाल आणि तेच शब्द. ऐक्याच्या वाटाघाटी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून आपण एकत्र गात होतो.

घरोघर खबर नेण्याचे काम बायकांनी केले. मिशनच्या काळातल्या बायबलबाई पोथी घेऊन दारोदार जात. वाचून दाखवता दाखवता कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, हे त्यांना कळे आणि सीताबर्डीच्या म्युर मेमोरियल हॉस्पिटलपर्यंत निरोप पोहोचे. आज ते काम महिला संघ करतो. आठवड्याच्या प्रार्थनासभेत आधी नावे घेतली जातात. ती नावे मग भेटीला जाण्याची यादी बनतात. मी अनेक मंडळ्यांत पाहिले आहे, पाळकांच्या आधी या बायका दवाखान्यात पोचलेल्या असतात, डब्यासकट.

हंगामाच्या सणाला हेच वेगळ्या रूपात दिसते. वेदीपुढे संत्र्यांच्या टोपल्या, तुरीच्या शेंगा, कोहळे, घरच्या कोंबडीची अंडी, कोणी शिवलेली दुपटी मांडलेली असतात. उपासना संपली की मांडवात लिलाव. एक कोंबडा पुकारला जातो; रेल्वेतला निवृत्त माणूस बोली जिंकतो, पैसे देतो आणि कोंबडा परत टेबलावर ठेवतो, 'पुन्हा पुकारा' म्हणून. दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. तिसऱ्यांदा बोली लागते तेव्हा वडील मंडळी ज्या घरात यंदा कमावता माणूस गेला त्या घरच्या पोराला पुढे बोलावतात आणि कोंबडा त्याच्या हातात देतात. कोणी काही बोलत नाही, सगळ्यांना माहीत असते. त्या घराची खबर मंडळीपाशी होती म्हणून हे घडले.

नागपूरच्या मंडळीची ही अनेक भाषांची घडण जगापर्यंतही गेली. राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १९१४ मध्ये मिशनऱ्यांची परिषद म्हणून सुरू झालेली ही संस्था आज देशभरातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांना एका टेबलावर आणते. तिचे सेक्रेटरी राहिलेले जॉन सादिक १९५७ मध्ये नागपूरचे बिशप झाले. हिस्लॉप कॉलेजचे प्राचार्य डेव्हिड मोझेस १९६१ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षांपैकी एक निवडले गेले. त्यांच्याच बरोबर हिटलरच्या कैदेत राहिलेले जर्मन पाळक मार्टिन निमोलर निवडले गेले. तमिळ, पंजाबी, मलयाळी, मराठी शेजाऱ्यांसोबत रोज राहणाऱ्या शहरातून अशी माणसे पुढे आली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आता खबर व्हॉट्सअॅपवर येते. टोरांटोला गेलेल्या मुलीला जरीपटक्यातल्या काकूंचे निधन चर्चमध्ये घोषणा होण्याआधी कळते आणि ती तिथून दफनविधी पाहते. हे मोठे सुख आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. काळजी दोन गोष्टींची वाटते. पहिली, ग्रुपवर हात जोडल्याचे चिन्ह टाकले की भेटीला गेल्यासारखे वाटू लागते. दुसरी, फोन बदलला की सगळे पुसले जाते. मिशनच्या काळातले कागद निदान परदेशात तरी जपून ठेवलेले सापडतात; चर्चच्या जुन्या नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आजही पाहता येतात. आपण स्वतः चालवलेल्या मंडळीची गेल्या पन्नास वर्षांची खबर मात्र सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात वाळवीच्या हवाली आहे. एका मंडळीच्या वह्या रद्दीत गेल्याचे मला उशिरा कळले. ते पन्नास वर्षांचे आयुष्य आता कोणालाही लिहिता येणार नाही.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. प्रत्येक पास्टोरेट कमिटीने सूचनांची वही रजिस्टराइतकीच जपावी. वर्ष संपले की बांधून, वर साल घालून, चर्चच्या कपाटात कुलपात ठेवावी आणि तिचे फोटो काढून डायोसिसकडे द्यावेत. खर्च फारसा नाही, लक्ष हवे. दुसरा आग्रह ऐक्याचा. नागपुरात सीएनआय, मेथडिस्ट, मार्थोमा आणि इतर मंडळ्या आहेत. त्यांची घटना एक व्हायला आणखी किती पिढ्या लागतील ते लागोत. पण महिन्यातून एका रविवारी आपल्या सूचनांबरोबर शेजारच्या मंडळीच्याही सूचना वाचून दाखवायला कोणत्याही सिनडची परवानगी लागत नाही. सदरमध्ये मेकोसाबागेतल्या आजारी माणसाचे नाव घेतले जाऊ दे, मेकोसाबागेत सदरच्या लग्नाचे आमंत्रण वाचले जाऊ दे. नाव ऐकल्यावर दोन माणसे तरी भेटीला निघतील, आणि १९७० मध्ये जे काम अर्धे राहिले ते तिथून पुढे सरकेल.