दुसरी प्रत

घरच्या संगणकासाठी बॅकअपचे सॉफ्टवेअर कोणते निवडावे आणि ते कसे वापरावे, हा विषय साहित्याच्या वाचकांसमोर मांडण्याजोगा आहे काय, याबद्दल मी बराच काळ साशंक होते. परंतु ज्यांचे अध्ययन-अध्यापन हस्तलिखितांच्या प्रती, पाठभेद आणि प्रक्षेप यांच्या सहवासात झाले, त्यांना स्वतःच्या टेबलावरील यंत्रातल्या मजकुराची दुसरी प्रत कुठे आहे असे विचारले, तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. मलाही एकेकाळी देता आले नव्हते. ती हकीकत आधी सांगते.

२००६ च्या उन्हाळ्यात मी पूर्णेच्या घरी आईच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. जाते केव्हाच कोपऱ्यात गेले होते. पण रिकाम्या जात्याचा खुंटा हातात धरल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. सलग अकरा संध्याकाळी ती बसली. मराठवाड्यात तेव्हा भारनियमन कडक होते. वीज गेली की टेपरेकॉर्डर सेलवर चाले, आणि मागे कधी पूर्णा जंक्शनवरून गाडी सुटल्याचा भोंगा, कधी शेजारच्या जनरेटरची घरघर त्या आवाजात मिसळे. पुढे एका विद्यार्थ्याच्या मदतीने हे सारे संगणकात उतरवले. दोनशे चौदा ओव्या ऐकून टंकलिखित केल्या. आणि "आता संगणकात आहे" या भरवशावर त्या कॅसेटी घरात इतर कामाला वापरल्या गेल्या. त्यांवर एका लग्नातली सनई आणि पाहुण्यांचा गलका भरला गेला. हा दोष माझा, यंत्राचा नव्हे.

२००८ च्या डिसेंबरात एका संध्याकाळी वीज तीन-चारदा आली-गेली आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू झाला नाही. तरीही मी निश्चिंत होते, कारण वर्षभरापूर्वी मी एक सीडी तयार करून तिच्यावर ठळक अक्षरांत 'ओव्या – बॅकअप' असे लिहून ठेवले होते. ती सीडी विद्यार्थ्याच्या संगणकावर उघडली. फोल्डरांची नावे नीट दिसत होती, मात्र प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. प्रत्येक फाइलचा आकार एक-दोन किलोबाइट. मी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट सीडीवर उतरवले होते. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे. ती कुठे आहे याची नोंद. मजकडे पत्ते होते. त्या पत्त्यांवर आता काही उरले नव्हते.

शोधाशोध केल्यावर दोन गोष्टी हाती लागल्या. सुरुवातीची सुमारे साठ ओव्यांची कच्ची वही माळ्यावर सापडली, आणि एका सहकारी बाईंना मतासाठी ई-मेलने पाठवलेल्या तीसेक ओव्या त्यांच्याकडे शाबूत होत्या. आवाज मात्र कुठेच नव्हता.

आई होती. २००९ च्या जानेवारीत मी संकोचत तिला पुन्हा गायला सांगितले. ती हसून म्हणाली, "बाई, तवाचं तवा गायलं. आता मन जसं म्हणंल तसं म्हणते." तिने तसेच केले. या वेळी एकशे शहात्तर ओव्या झाल्या. त्यांत चाळीसेक पूर्वी न आलेल्या होत्या. वहीतल्या कित्येक आल्याच नाहीत. सर्वांत मोठा फरक भावाच्या ओव्यांत पडला. वहीतल्या ओवीत भाऊ बहिणीच्या दारावरून घाईने निघून जातो आणि ती त्याला बोल लावते. नव्या गायनात त्याच चालीवर, जवळजवळ त्याच शब्दांत, भाऊ उंबऱ्याशी थांबतो, पाणी पितो. मधल्या काळात माझे मामा वारले होते. मी जुनी ओवी वाचून दाखवली. आईने ऐकून घेतली आणि "असं मी म्हणले नसंल," एवढेच बोलली.

ती २०१३ मध्ये गेली. आज माझ्याजवळ पहिल्या गायनाचे अवशेष आहेत आणि दुसरे गायन संपूर्ण आहे. कोणता पाठ मूळ मानावा, हे मी ठरवू शकलेले नाही.

लीळाचरित्र शिकवताना मला हे हटकून आठवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या स्वतः हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून. नागदेवाचार्यांची स्मृती हा त्यांचा प्रमुख आधार. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली, असे पंथपरंपरा सांगते. ज्याने त्याने आपापल्या आठवणीने लिहिल्यामुळे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. वर्गात हे आपण पाठचिकित्सेचे उदाहरण म्हणून सांगतो. मूळ पोथी गेल्यावर त्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार मी ती सीडी उघडेपर्यंत कधी केला नव्हता. स्मृतीतून पुन्हा उभे केलेले लेखन ही मुळाची प्रत नसते. ते दुसरे लेखन असते. पुष्कळदा तितकेच मोलाचे, परंतु दुसरे. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली असे श्रद्धा सांगते. संताजी जगनाड्यांच्या वह्या आणि लोकांचे पाठांतर इतिहास सांगतो. दोन्ही कथांचे सार एकच: एकाच ठिकाणी असलेले लेखन सुरक्षित नसते.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक विनवणी लिहून ठेवत असत. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशा आशयाचे बोल पोथीच्याच तोंडी घातलेले असत. बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना ती यादी मला फार उपयोगी पडली. माझ्या मजकुराला कशाकशापासून भय आहे? वीज, डिस्कचे वय, चोरी, पूर, व्हायरस, आणि सर्वांत जास्त माझ्या स्वतःच्या हाताचे.

शेवटच्या भयामुळे पहिला धडा मिळाला. दोन ठिकाणचे फोल्डर सदैव सारखे ठेवणे आणि बॅकअप घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात मी इकडे एक प्रकरण चुकून पुसले, की ते तिकडेही पुसले जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या काही काळ राखून ठेवणारेच सॉफ्टवेअर हवे. आपल्या क्षेत्रातल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खोडलेला पाठही आपल्याला हवा असतो.

दुसरा प्रश्न संपूर्ण डिस्कचा ठसा घ्यावा की केवळ आपल्या फाइलींच्या प्रती, हा. ठशाने संगणक जसाच्या तसा पुन्हा उभा राहतो. पण विंडोज पुन्हा घालता येते, वर्डही पुन्हा घालता येते. आईचा आवाज पुन्हा घालता येत नाही. म्हणून घरच्या संगणकासाठी मी फाइलींचा मार्ग धरला.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत कोणत्या रूपात राहते? विंडोज एक्सपीमधील बॅकअप सर्व फाइली एकाच मोठ्या बंद फाइलीत भरून ठेवत असे. पुढच्या व्हिस्टामध्ये तो कार्यक्रमच वगळला गेला आणि जुने बॅकअप नुसते उघडण्यासाठी वेगळे साधन उतरवून घ्यावे लागले. ज्या पेटीची किल्ली एकाच सॉफ्टवेअरजवळ आहे, तिचे आयुष्य त्या सॉफ्टवेअरइतके. आणि सॉफ्टवेअरे मरतात: क्रॅशप्लॅनची घरगुती सेवा २०१८ मध्ये बंद झाली, मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीची देखभाल २०२४ च्या आरंभी संपली. म्हणून मी साध्या, उघड्या फाइलींच्या स्वरूपात प्रत ठेवणारे साधन निवडले. अनेक वर्षे कोबियन बॅकअप वापरले, आता फ्रीफाइलसिंक वापरते. यात वगळलेल्या किंवा बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात राखण्याची सोय आहे. ती आधी चालू करून घ्यावी लागते, एरवी वर सांगितलेला धोका तसाच राहतो. विंडोज आठपासून आलेली 'फाइल हिस्टरी' किंवा मॅकवर २००७ पासूनची 'टाइम मशीन' ही ज्यांना फारशी खटपट नको त्यांच्यासाठी पुरेशी आहेत.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्या दोन बाह्य डिस्क आहेत. एक घरी असते. दुसरी नांदेडला बहिणीकडे. महिन्यातून एकदा रेल्वेने जाऊन मी त्यांची अदलाबदल करते. घरची डिस्कही काम झाले की काढून कपाटात ठेवते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा कळले की अशा हल्ल्यात जोडून ठेवलेली डिस्कही संगणकाबरोबरच कुलूपबंद होऊ शकते. तिसरी प्रत आता इंटरनेटवर जाते. २००९ मध्ये पूर्णेत ते परवडणारे नव्हते.

या साऱ्यानंतरही एक धोका उरतो. मजकूर शाबूत असतो आणि वाचता येत नाही. माझी जुनी टिपणे युनिकोडपूर्व काळातील एका फॉन्टमध्ये होती. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असे; तो फॉन्ट नसला की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. पूर्णेच्या लोकांना मी हे रेल्वेच्या भाषेत सांगते. गेल्या शतकाच्या अखेरीस इथल्या मुख्य मार्गाचे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. अकोल्याच्या बाजूचे २००८ च्या सुमारास बदलले. डबे धडधाकट होते, पण त्यांच्या मापाचे रूळ राहिले नाहीत. माल वेळेत उतरवून दुसऱ्या गाडीत भरला नाही, तर तो आहे तिथेच राहायचा. मी एका सुट्टीत सारी टिपणे परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली आणि ओळ न् ओळ तपासली. रफार आणि जोडाक्षरे बरीच बिघडली होती. जुने लेखनिक जिथे चुकत, यंत्रही जवळपास तिथेच चुकते.

सांकेतिक शब्दाचेही तसेच. डिस्क चोरीला गेली तर वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद करण्याचा सल्ला योग्यच आहे. परंतु महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना त्यांचा उलगडा होईपर्यंत मराठीच्या सामान्य वाचकाला त्या गद्याचा पत्ताही नव्हता. पंथात किल्ली जाणणारे पिढ्यान् पिढ्या होते, म्हणून ते वाचले. माझ्या घरात ती जाणणारी मी एकटीच होते. आता ती एका कागदावर लिहून बहिणीच्या कपाटात ठेवली आहे. तो कागद कशासाठी आहे, हे भाच्याला ठाऊक आहे.

शेवटची गोष्ट, जी मी सीडीच्या बाबतीत केली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपमधून कोणतीही एक फाइल काढून दुसऱ्याच संगणकावर उघडते. परत मिळवून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणू नये. पुष्कळदा मी आईचीच फाइल उघडते. तपासणीला दहा सेकंद ऐकणे पुरते; मी बहुधा पूर्ण ऐकते.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर जपल्या जात आहेत. ते दोघेही हयात नाहीत. काम मात्र चालू आहे, कारण ते एका घरातल्या एका डिस्कवर नव्हते. आपल्यापैकी अनेकांजवळ असे लहान लहान संग्रह आहेत: मुलाखती, बोलीची टिपणे, एखाद्या कवीची पत्रे, अर्धा झालेला प्रबंध. विद्यार्थ्यांना मी अलीकडे प्रबंधाचा विषय विचारण्याआधी त्याची दुसरी प्रत कुठे आहे, ते विचारते. ती हसतात. मग मी ती सीडी दाखवते. अजून जपून ठेवली आहे.

दोन्ही पाठ आता मी एकाच फोल्डरात ठेवले आहेत, २००६ आणि २००९ अशा नावांनी. पहिल्यात मामा दारावरून निघून जातात, दुसऱ्यात पाणी पितात. दोहोंच्या तीन-तीन प्रती आहेत.