गरीचा डबा

अब्बांचा एक पत्र्याचा डबा आहे, बिस्किटांचा. त्यात गऱ्या, शिशाचे गोळे आणि तंगुसाची गुंडाळी. अब्बा जहाजावर खलाशी होते. नऊ-दहा महिने दर्यावर, दोन महिने घरी. घरी आले की दुसऱ्याच दिवशी सावित्रीच्या खाडीवर गरवायला निघत. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. मुली खाडीवर जात नसत, म्हणून चुलतभाऊ बरोबर जायचे. संध्याकाळी डबा घरी आला की गऱ्यांचा गंज काढायचं काम मात्र आमचं.

तिघींपैकी मधली बी.एड. करून उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागली. तीच हे लिहिते आहे. पण लिहिताना 'मी' म्हणवत नाही, कारण त्या डब्यावर तिघींचे हात फिरले आहेत.

लहानपणी आम्ही चुलीची राख आणि खाडीची वाळू घेऊन गऱ्या घासत असू. चांदीसारख्या चमकायच्या. कधी अम्मीच्या बरणीतलं कोकमाचं आगळ चोरून त्यात बुडवायचो. गंज सुटायचा, पण चार दिवसांत गरी पुन्हा तांबडी! आगळात मीठ असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एकदा अब्बांच्या गरीला मोठी तांबोशी लागली. काठापर्यंत आली आणि गेली. गरी बाकावरच मोडली होती. वरून लखलखीत, आत काळी. चुलतभाऊ आम्हांला बोलले. अब्बा बोलले नाहीत. तुकडा हातात फिरवत एवढंच म्हणाले, "गंज निघतो बेटा, पण त्यानं खाल्लेलं लोखंड परत येत नाही."

पुढे वर्गात तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून दाखवताना हे वाक्य हमखास आठवतं. गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, मीठ त्याची घाई करतं. गरीवर कथलासारख्या धातूचा पातळ मुलामा असतो. आम्ही वाळूनं तोच खरवडत होतो. म्हणजे आमची मेहनतच गंजाला वाट करून देत होती. उर्दूत गंजाला 'झंग' म्हणतात. मुलं वहीत 'झे'च्या जागी 'जीम' लिहितात आणि गंजाची लढाई होते. उर्दूत 'गंज' म्हणजे तर खजिना! मुलं हसतात. आम्हांला डबा दिसतो.

अब्बा नोकरीतून निवृत्त झाले. मग गुडघे गेले, नजर अधू झाली. डबा पोटमाळ्यावर गेला, आणि गेला तो ओलाच. मागल्या मे महिन्यात आम्ही तिघी माहेरी जमलो होतो. अम्मी म्हणाली, "भंगारवाला आलाय, तो डबा देऊन टाका." आम्ही डबा उघडला. गऱ्यांचा एकच तांबडा गोळा झाला होता.

दिला नाही. गऱ्या सुट्या करून सिरक्यात बुडवल्या. रात्रभर ठेवल्या नाहीत, कारण आम्ल गंज खाऊन झाल्यावर लोखंडालाही सोडत नाही. तासाभरानं काढून जुन्या दातब्रशनं हलक्या हातानं घासल्या. खायच्या सोड्याच्या पाण्यातून, मग विहिरीच्या गोड्या पाण्यातून काढल्या, फडक्यानं टिपून उन्हात वाळवल्या. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. डब्याचा गंजका तळ घासून त्यात कोरडं फडकं अंथरलं.

अब्बा ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, "इकडे आणा." एकेक गरी घेऊन तिचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढू लागले. टोक नखात अडकलं तर गरी चांगली, घसरलं तर बाद. मग बाकावरून बोट फिरवायचे. तिथं खड्डे लागले की टोक कितीही तीक्ष्ण असो, गरी बाजूला. चाळिसांतल्या अकरा उरल्या. नजर नसलेल्या माणसानं ते निवडलं, जे आम्हांला डोळ्यांनी कधी दिसलं नव्हतं.

धाकटीनं विचारलं, "अब्बा, आम्हांला कधी नेलं का नाहीत?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भरती पहाटे आहे. कोळंबी आणून ठेवा."

पहाटे रिक्षानं त्यांना धक्क्यापर्यंत नेलं. गरीला गाठ कशी मारायची ते त्यांनी हातात हात धरून शिकवलं. तिशी ओलांडलेल्या तीन बायका पहिल्यांदाच खाडीत गरी टाकत होत्या. दोन तासांत एक शिंगाळा मिळाला, तोही लहान.

घरी आल्यावर अम्मीनं माशासाठी विळी काढली. अब्बा ओट्यावरूनच ओरडले, "मासा नंतर. आधी गऱ्या गोड्या पाण्यात!"

आम्ही तिघीही विहिरीकडे निघालोच होतो.